आधी पाणी, मग रस्ता

अलास्काच्या आग्नेय भागात हेन्स आणि स्कॅगवे ही दोन लहान गावं आहेत. नकाशावर एक बोट टेकवलं तर दोन्ही झाकली जातात. मधे आहे ती लिन कॅनल नावाची लांब, खोल खाडी. फेरीबोटीनं गेलं तर अंतर पंधराएक मैल आणि वेळ साधारण तासभर. बोट चुकली आणि ‘हात्तिच्या, गाडी आहे की हाताशी, रस्त्यानं जाऊ’ असं कुणी म्हटलं, तर तो रस्ता हेन्सहून निघून कॅनडात शिरतो, हेन्स जंक्शनवरून युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स गाठतो, तिथून पुन्हा दक्षिणेला उतरतो आणि सरहद्द दुसऱ्यांदा ओलांडून स्कॅगवेला पोचतो. सुमारे ५७० किलोमीटर. तासाभराच्या पाण्याऐवजी दिवसभराचा रस्ता, आणि वर दोन देशांच्या चौक्यांवर पासपोर्ट दाखवणं.

उत्तरेकडच्या लांब प्रवासाची खरी गोम इथेच आहे. आपण सहल आखतो ती रस्त्याच्या हिशेबानं. मुक्काम कुठे, जेवण कुठे, घाट उजेडी उतरायचा की नाही. वाटेत खाडी असलीच तर दाभोळला किंवा दिघीला फेरीबोट असते. एक गेली तर थोड्या वेळानं दुसरी. अलास्का आणि वायव्य कॅनडात हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी पाण्याच्या तारखा धरायच्या, मग उरलेल्या दिवसांत रस्ता बसवायचा.

उदाहरणादाखल एक सलग वाट घेऊ. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम बंदर आहे. तिथे ट्रक फेरीबोटीवर चढवायचा आणि तीन दिवसांनी हेन्सला उतरवायचा. हेन्सहून व्हाइटहॉर्स, तिथून सोन्याच्या शोधासाठी गाजलेलं डॉसन सिटी, आणि डॉसनपासून डेम्पस्टर महामार्गानं थेट आर्क्टिक महासागराच्या काठावरचं टुक्टोयाक्टुक. परतताना डॉसनहून अलास्कातलं टोक नावाचं गाव, पुन्हा व्हाइटहॉर्स, आणि अलास्का महामार्गाची दक्षिणेकडची लांबच लांब पट्टी धरून सिअ‍ॅटल. चाकाखालचं अंतर भरतं साडेसहा हजार किलोमीटर; त्यातले साधारण अठराशे खडीचे. तीन आठवड्यांत ही फेरी ओढाताणीनं होते, चार मिळाले तर माणसासारखी होते.

‘ट्रक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मालट्रक येतो. तिकडे ट्रक म्हणजे पिकअप. पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. त्या हौद्यावर छत बसवून आत गादी टाकली की झालं फिरतं घर.

शेवटच्या नदीपासून सुरुवात

आखणीची पहिली नोंद बेलिंगहॅमची नसते. ती असते बेलिंगहॅमपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन नद्यांची.

डेम्पस्टर महामार्ग डॉसनच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर सुरू होतो आणि साधारण ७४० किलोमीटरनी इनुविक गावात संपतो. तो १९७९मध्ये पूर्ण झाला. त्याच्या वाटेत पील आणि मॅकेन्झी या दोन मोठ्या नद्या आडव्या येतात आणि दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच रस्ता. भाडं नाही, आरक्षण नाही. जो आधी आला तो आधी गेला.

या फेरीला सिमेंटचा धक्काही नाही. काठावर खडीचा उतार रचलेला असतो. बोट येऊन त्याला नाक लावते, पुढची झडप खाली पडते आणि गाडी खडीवरून थेट बोटीत. डोंगरात पाऊस झाला की नदी चढते, उघडीप पडली की उतरते, आणि पाण्याची रेघ हलली की तो उतार जागच्या जागी बिनकामाचा होतो. मग अवजड यंत्र येऊन खडी पुढे लोटतं किंवा मागे ओढतं आणि नवा धक्का तयार होतो. पाणी फार चढलं, किंवा पुरात मोठमोठे ओंडके वाहून येऊ लागले, की फेरी थांबते. कधी काही तास, कधी जास्त. अशा वेळी रांगेत तुमच्या पुढे इनुविकच्या दुकानांचा माल घेऊन निघालेले ट्रकही उभे असतात, आणि त्यांनाही दुसरी वाट नसते.

साधारणपणे मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला या फेऱ्या चालू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद पडतात. ‘साधारणपणे’ हाच शब्द आखणी करणाऱ्याच्या जिवावर उठतो. नदीवरचा बर्फ कधी फुटेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. अलास्कात तर लोक त्यावर पैज लावतात. नेनाना गावात १९१७पासून चालत आलेल्या स्पर्धेत टनाना नदीच्या बर्फावर लाकडी खुणेचा खांब उभा करतात आणि तो कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी हलेल यावर तिकिटं विकली जातात. जिथे जाणत्यांनाही मिनिटांची पैज लावावीशी वाटते, तिथे पाहुण्यानं पहिल्या आठवड्याचा भरवसा धरू नये. पील नदी जूनच्या मध्याआधी वहीत लिहू नये, हे बरं.

आता बेलिंगहॅमकडे या. तिथल्या बोटीचं उन्हाळी वेळापत्रक काही महिने आधी जाहीर होतं, आणि झोपायच्या खोल्या व गाड्यांच्या जागा भराभर संपतात. म्हणजे प्रवासाच्या एका टोकाची तारीख पैसे भरून आधी पक्की करायची, आणि दुसऱ्या टोकाची तारीख बर्फ फुटेपर्यंत कळत नाही. सगळी हुशारी या दोन टोकांमधल्या मोकळ्या दिवसांत आहे. कामाचे दिवस मोजून झाल्यावर दोन-तीन दिवस डॉसनला आणि एक-दोन इनुविकला रिकामे सोडायचे. ते वापरावे लागले नाहीत तर सुट्टी. लागले तर त्यांनीच प्रवास वाचवला.

ऋतूची निवडही याच हिशेबात येते. इनुविकला मेच्या अखेरीपासून जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. उजेडाची घाई नसते, रात्री अकराला पंक्चर काढता येतं. पण डास असे की उघड्या हौद्यात उभं राहून चहा करणं ही शिक्षा. ऑगस्टच्या शेवटी डास विरतात, टुंड्रा तांबडी-पिवळी होते, रात्र परत येते आणि तिच्याबरोबर उत्तरेचे प्रकाशपट्टेही. त्या दिवसांत नदी सहसा शांत असते. फक्त परतीला उशीर करायचा नाही, कारण मागून हिवाळा येत असतो.

समुद्रातला महामार्ग

अलास्काला राज्याचा दर्जा १९५९मध्ये मिळाला, तेव्हा आग्नेय किनाऱ्यावरची गावं एकमेकांना रस्त्यानं जोडणं जवळजवळ अशक्य होतं. मागे सरळ चढणारे डोंगर आणि हिमनद्या, पुढे बेटंच बेटं. राज्याची राजधानी जुनो आजही बाहेरच्या कोणत्याही रस्त्याला जोडलेली नाही. तिथे जायचं तर बोटीनं किंवा विमानानं. म्हणून राज्यानं १९६३मध्ये पाण्यातच रस्ता टाकला आणि नावही तसंच ठेवलं, ‘अलास्का मरीन हायवे’. बोटींना अलास्कातल्या हिमनद्यांची नावं देतात. १९७४मध्ये आलेली ‘कोलंबिया’ ही त्यांतली मोठी, ४१८ फूट लांबीची. दक्षिणेकडचं टोक पूर्वी सिअ‍ॅटलला होतं, १९८९पासून ते बेलिंगहॅमला आलं.

या बोटीचं भाडं दोन भागांत असतं, माणसांचं वेगळं आणि गाडीचं वेगळं. गाडीचं भाडं लांबीवर ठरतं. इथेच नवखा माणूस फसतो. कंपनीच्या माहितीपत्रकातली लांबी लिहून मोकळा होतो. बोटवाले मात्र पुढच्या बंपरपासून मागे जे काही शेवटचं टोक निघेल तिथपर्यंत टेप लावतात. मागे सायकलींचा रॅक, ओढकाम करायचा हुक, बाहेर काढलेली स्टेपनी, सगळं धरून. एकोणीस फुटी ट्रकला दोन फुटांचा रॅक लावला की तो एकवीस फुटी झाला. बंदरावर फरक निघाला तर वरचे पैसे भरावे लागतात, आणि बोट भरलेली असेल तर नुसत्या पैशांनी जागा होत नाही. म्हणून सामान लादून, रॅक लावून, घरच्या अंगणात टेपनं मोजायचं आणि मगच आरक्षण करायचं.

दुसरी गोष्ट उताराची. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. या बोटीच्या वाटेवरच्या केचिकान बंदराच्या बाजूला तो वीस फुटांवर जातो. धक्का आणि बोट यांना जोडणारा रॅम्प बिजागरीवर खालीवर होतो, पण ओहोटीला तो चांगलाच तिरपा असतो. मागचा भाग लांब असलेला किंवा मागे दबलेला ट्रक उताराच्या तळाशी शेपटी घासतो. पाण्याची टाकी आणि अवजारांची पेटी अगदी मागे ठेवणाऱ्यांना हे आवाजावरून कळतं. जड सामान मागच्या चाकांच्या पुढे सरकवलं की निम्मा प्रश्न सुटतो.

बोटीवर गाडी चढली की गिअर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, चोरीचा भोंगा बंद करायचा, गॅसच्या टाकीचा व्हॉल्व बंद आहे हे खलाशाला दाखवायचं आणि वर निघायचं. बोट चालू असताना गाड्यांचा मजला बंद असतो. अधूनमधून थोडा वेळ तो उघडतात. कुत्री गाडीतच राहतात, त्यांना भेटायची तीच वेळ. म्हणजे तीन दिवसांचे कपडे, औषधं, खाणं आणि अंथरूण एका पिशवीत आधीच वेगळं हवं. ज्यांना खोली मिळत नाही ते वरच्या उघड्या डेकवर तंबू टाकतात. पोलादात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून तंबूच्या कडा जाड चिकटपट्टीनं डेकला चिकटवतात. बेलिंगहॅमच्या बोटीवर चढणाऱ्यांत ज्याच्या हातात चिकटपट्टीची दोन रिळं दिसतील तो जुना प्रवासी समजावा.

वेळापत्रकात पहाटे दोन किंवा साडेतीनचे आकडे दिसले की वाटतं, छापण्यात चूक झाली. चूक नसते. बोट या किनाऱ्यावर घड्याळापेक्षा पाण्याची चाल पाहते. रँगेल आणि पीटर्सबर्ग या गावांमधली रँगेल नॅरोज ही सामुद्रधुनी बावीसएक मैल लांब आणि काही ठिकाणी जेमतेम शंभर मीटर रुंद आहे. भरतीचं पाणी तिच्यात दोन्ही तोंडांनी शिरतं आणि मधे एकमेकांना भेटतं. बोट लाल-हिरव्या दिव्यांच्या रांगेतून डावी-उजवीकडे वळत ती पार करते. सिटका गावाच्या वाटेवरच्या सर्जियस नॅरोजमध्ये प्रवाह इतका जोरात असतो की मोठ्या फेरीबोटी पाणी थांबण्याची, म्हणजे भरती संपून ओहोटी सुरू होण्याच्या मधल्या घटकेची वाट पाहतात. कोकणातल्या मच्छीमाराला यात नवल वाटणार नाही. तोही पंचांगातली तिथी पाहूनच होडी काढतो. प्रवाशानं एवढंच धरायचं की हेन्सला अपरात्री उतरावं लागलं तर त्याच रात्री डोंगर चढायचा नाही. पहिला मुक्काम बंदरापासून हाकेच्या अंतरावर ठेवायचा.

गोठलेल्या जमिनीवरचा रस्ता

हेन्सहून वर चढलेला रस्ता हेन्स जंक्शनला अलास्का महामार्गाला मिळतो. हा महामार्ग युद्धाच्या घाईत बांधला गेला. डिसेंबर १९४१मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अलास्काला जमिनीवरून रसद पोचवायची सोयच नाही हे अमेरिकेच्या ध्यानात आलं. मार्च १९४२मध्ये लष्कराच्या इंजिनिअर तुकड्या कामाला लागल्या. दहा हजारांहून जास्त सैनिक, त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय, वेगळ्या तुकड्यांत ठेवलेले. ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंतची कच्ची वाट त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेरीस जोडली गेली आणि २० नोव्हेंबर १९४२ला क्लुआनी तळ्याकाठी तिचं उद्घाटन झालं. सर्वसामान्यांच्या गाड्यांना ती १९४८मध्ये खुली झाली.

त्या घाईत एक धडा फार महागात मिळाला. उत्तरेकडच्या जमिनीखाली पर्माफ्रॉस्ट असतो, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली माती आणि बर्फ. तिच्यावर शेवाळाची जाड गादी असते, आणि ती गादीच उन्हाला खाली जाऊ देत नाही. बुलडोझरनं रस्ता काढायचा म्हणजे आधी वरचं सगळं खरवडून टाकायचं, ही इतर ठिकाणची रीत इथे वापरली गेली. गादी निघाली, ऊन आत शिरलं, बर्फ वितळला आणि रस्त्याचा चिखल झाला. यंत्रं रुतली. मग शेवाळ जागेवर ठेवून त्यावर लाकडाचे ओंडके आडवे अंथरायचे आणि वर माती-खडी टाकायची, ही पद्धत आली.

डेम्पस्टर बांधताना हा धडा आधीच ठाऊक होता. म्हणून तो रस्ता जमीन न खरवडता खडीच्या जाड भरावावर बांधला. काही ठिकाणी हा भराव दोन मीटरहून उंच आहे. उन्हाळ्याची ऊब भरावातच जिरते, खालचा बर्फ शाबूत राहतो. इनुविकपासून टुक्टोयाक्टुकपर्यंतच्या पुढच्या १३८ किलोमीटरांसाठी तर भराव टाकण्याचं काम हिवाळ्यातच केलं, जमीन दगडासारखी घट्ट असताना. तो रस्ता १५ नोव्हेंबर २०१७ला खुला झाला आणि त्यामुळे इनुविकहून आर्क्टिक किनाऱ्यावर बारमाही रस्त्यानं जाता येऊ लागलं.

प्रवाशाच्या दृष्टीनं याचे दोन अर्थ. रस्ता भरावावर असल्यामुळे त्याच्या कडा मऊ आणि उतार खोल. समोरून मालट्रक आला म्हणून घाबरून फार कडेला गेलात तर ट्रक हळूच कलंडायला लागतो. वेग कमी करायचा, पण कडा सोडून. दुसरा अर्थ डांबरी रस्त्याला लागू. अलास्का महामार्ग आता पक्का असला तरी अलास्काच्या सरहद्दीजवळच्या बीव्हर क्रीकच्या आसपास खालची जमीन वितळून-गोठून लाटांसारखी उठलेली आहे. डांबर पाहून पाय सैल सोडला की ट्रक हवेत आणि मागचं सामान छताला.

एक गंमत मोजमापाचीही. लष्करानं टाकलेल्या वळणावळणाच्या वाटेवर मैलांचे खांब होते आणि गावं, पेट्रोल पंप आजही त्याच आकड्यांनी पत्ता सांगतात. नंतर वळणं काढून रस्ता सरळ करत गेले. डेल्टा जंक्शनचा ऐतिहासिक आकडा १४२२ मैल, प्रत्यक्षात उरलेत सुमारे १३८७. जुन्या आकड्यांची वजाबाकी करून पेट्रोलचा हिशेब मांडू नये.

टाकी, टायर, तागडी

हिशेब मांडायचा तो असा. खडीच्या रस्त्यावर भरलेला पिकअप शंभर किलोमीटरला चौदा लिटर पितो असं धरू. डॉसनहून डेम्पस्टरवरचा पहिला मोठा थांबा ईगल प्लेन्स, अंतर सुमारे ४१० किलोमीटर. म्हणजे ५७ लिटर. समोरचा वारा, चढ, चिखल यांसाठी पावपट वाढवा, ७२ झाले. टाकी नव्वद लिटरची असेल तर निभलं. पण ईगल प्लेन्सचा पंप काही कारणानं बंद असला तर? पुढचं फोर्ट मॅकफर्सन आणखी १८० किलोमीटर. एकूण ५९० किलोमीटरांना त्याच हिशेबानं १०३ लिटर लागतात. तेरा लिटर कमी पडले. म्हणून वीस लिटरचा एक कॅन. दोन घेतले तर वजन वाढतं, एकही नसेल तर नशिबावर हवाला. मात्र फेरीबोटीवर भरलेल्या कॅनवर बंधनं असतात, म्हणून तो रिकामा न्यायचा आणि डॉसनला भरायचा.

टायरचं गणित याहून सोपं आणि खर्चिक. डेम्पस्टरवरच्या खडीत धारदार पाटीचा दगड असतो. साध्या मोटारीचे टायर तो चिरतो. जाड थरांचे, ट्रकसाठीचेच टायर हवेत, आणि पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या. सोबत पंक्चर काढायचं सामान आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. निघण्याआधी स्टेपनी एकदा घरी बदलून पाहायची. जॅक मऊ मातीत बसतो म्हणून खाली घालायला फळी ठेवायची. धूळ दाबायला रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की त्याचा गारा होतो आणि वाळला की दिव्यांवर सिमेंटसारखा बसतो. युकॉनमध्ये दिवसाही दिवे लावून चालवायचं असतं, तेव्हा दर थांब्यावर फडकं मारणं आलंच. भाड्याचा ट्रक घेणार असाल तर करार नीट वाचावा. बरेच भाडेवाले खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात आणि तिथे मोडली तर विमा चालत नाही.

तिसरी तागडी. ट्रकला किती वजन पेलतं हे चालकाच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, आणि त्यात माणसंही धरतात. चार माणसं, हौद्यावरचं छत, दोन स्टेपन्या, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. बघता बघता पट्टीवरचा आकडा गाठला जातो. मग माणूस म्हणतो, काहीतरी कमी करू. इथे काय कमी करायचं नाही हे ज्या माणसाच्या नावानं रस्ता आहे त्यालाच विचारावं.

डिसेंबर १९१०मध्ये कॅनडाच्या घोडदळ पोलिसांची चार माणसांची गस्त फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाली. कुत्र्यांच्या घसरगाड्या, नेहमीची हिवाळी टपालवाट. प्रमुख फिट्झजेराल्डला ही वाट झपाट्यानं कापायची होती, म्हणून त्यानं नेहमीपेक्षा कमी शिधा घेतला. वाटेत स्थानिक ग्विचिन समाजाचा एक वाटाड्या मिळाला, त्यालाही काही दिवसांनी परत पाठवलं. पुढचं वळण देणारा ओढा सापडेना. शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला, परत फिरले तेव्हा कुत्रीच खावी लागली. फेब्रुवारी १९११च्या अखेरीस विल्यम डेम्पस्टर नावाचा कॉर्पोरल शोधायला निघाला आणि मार्चमध्ये त्याला चौघांचे मृतदेह सापडले. शेवटचे दोघं फोर्ट मॅकफर्सनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर होते. आज त्या वाटेवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला सिग्नल नसतो. वजन कमी करायचंच असेल तर खुर्च्या आणि जादा कपडे कमी करावेत. शिधा, पाणी, उबदार अंथरूण आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र नाही.

चौक्या आणि घड्याळं

सिअ‍ॅटल किंवा व्हँकूव्हरकडच्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या तरी डोक्यात हा बेत घोळत असतोच. हातात भारतीय पासपोर्ट असेल तर कागदांचं गणित आधी सोडवावं. बेलिंगहॅमची बोट हेन्सपर्यंत कॅनडाच्या बंदराला लागत नाही, म्हणून तोवर प्रवास अमेरिकेतल्या अमेरिकेत. हेन्सच्या वर कॅनडा, डॉसनपुढे पुन्हा अमेरिका, बीव्हर क्रीकला पुन्हा कॅनडा, शेवटी पुन्हा अमेरिका. कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा, सहसा दोन्ही लागतात. एकदाच प्रवेशाचा शिक्का असलेला माणूस डॉसनपुढच्या चौकीवरच अडकू शकतो.

ही चौकी उन्हाळ्यातच उघडते आणि रात्री बंद होते. डॉसनला युकॉन नदीवरची फेरीबोट ट्रक पलीकडे नेते, फुकट, आणि मग डोंगरमाथ्यावरून जाणारा ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ रस्ता सुरू होतो. डॉसनच्या फेरीला उन्हाळी सुट्टीत रांग लागते. त्यात घड्याळाचा घोळ. युकॉननं २०२०पासून घड्याळ मागेपुढे करणं सोडलं. उन्हाळ्यात अलास्का त्याच्या एक तास मागे आणि इनुविक ज्यात येतं तो वायव्य प्रांत एक तास पुढे असतो. चौकी कोणत्या घड्याळानं बंद होते हे पाहून निघावं, नाहीतर रात्र माथ्यावर काढावी लागते.

आगोट

एवढं सगळं वहीत उतरवल्यावर कॅलेंडरवर दोन पट्ट्या कोऱ्या राहतात. एक वसंतात, एक हिवाळ्याच्या तोंडाशी. त्या दिवसांत पील आणि मॅकेन्झीवर बर्फ गाडी पेलत नाही आणि बोटीला चालू देत नाही. मग तो पुरेसा जाड झाला की त्यावर पाणी सोडून आणखी जाड करतात, आणि वजनाची मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढवत आधी हलक्या गाड्या, मग मालट्रक सोडतात. ही मधली खिंड कधी दोन आठवड्यांची, कधी त्याहून लांब. डॉसनला तर युकॉन नदी नेहमीच्या जागी भरवशानं गोठेनाशी झाली आहे. २०१६-१७च्या हिवाळ्यात सरकारला तिथे बर्फाचा रस्ता करता आला नाही, आणि पुढच्याही काही हिवाळ्यांत तेच झालं. नदीच्या पश्चिमेला राहणाऱ्यांचा गावाशी हिवाळी रस्ता असा दरवर्षी टांगणीला लागतो.

प्रवासी या पट्ट्या पाहून पुढचा महिना निवडतो आणि मोकळा होतो. फोर्ट मॅकफर्सन, त्सीगेचिक, इनुविकच्या लोकांना मात्र त्या पट्ट्यांत राहायचं असतं. रस्ता तुटण्याआधी दुकानांच्या फडताळांत माल भरून घ्यायचा, इंधन साठवायचं, औषधं आणून ठेवायची. नंतर येईल ते विमानानं आणि विमानाच्या भावानं. मृगाआधी डाळ-तांदूळ, सुकी मासळी, सरपण भरून घेणाऱ्या कोकणी घराला या कामाचं नाव सांगावं लागत नाही. त्याला आगोट म्हणतात.

म्हणून पीलच्या काठावर रांगेत ताटकळताना पुढच्या मालट्रकाकडे जरा आदरानं पाहावं. आपल्या हौद्यातलं सामान चार आठवड्यांचं आहे, त्याच्या हौद्यातलं एका गावाचं. आणि खडीच्या उतारावर बोटीची झडप पडली की आधी त्याला जाऊ द्यावं.